दोन महायुद्धांमधल्या लहान जर्मन राज्याचा राजकीय इतिहास कसा अभ्यासावा

वायमार प्रजासत्ताकाचा, म्हणजे १९१९ ते १९३३ मधल्या जर्मन लोकशाहीचा, इतिहास बहुतेक वेळा बर्लिनमध्ये बसून सांगितला जातो. चान्सलर बदलतात, राइखस्टाग ही संसद बरखास्त होते, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वटहुकूम काढतात आणि वाचकाला वाटते की जे काही घडले ते सगळे तिथेच घडले. परंतु ज्या नेमणुकीमुळे अडॉल्फ हिटलर कायद्याने जर्मन नागरिक झाला, ती फेब्रुवारी १९३२ मध्ये बर्लिनच्या केंद्र सरकारने केली नव्हती. ती जेमतेम पाच लाख लोकवस्तीच्या ब्राउनश्वाइग या राज्याच्या सरकारने केली. असे कसे होऊ शकले, हे समजून घ्यायचे तर त्या राज्याचा कारभार कसा चाले, कोणाच्या हातात कोणते खाते होते आणि त्या खात्याला कायद्याने काय करता येत होते, हे मुळापासून पाहावे लागते. या लेखात तशा अभ्यासाची पद्धत मांडली आहे. मुख्य उदाहरण ब्राउनश्वाइगचे घेतले आहे आणि गरज पडेल तिथे लिप्पे, थुरिंगिया व आणखी एकदोन राज्यांकडे वळलो आहे.

अभ्यास सुरू करण्याआधी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा: या तारखेला गृहखाते कोणाकडे होते? माझ्या मते लहान राज्याच्या राजकारणाचा गाभा याच प्रश्नात आहे. भाषणे, मोर्चे, जाहीरनामे सगळीकडे सारखेच आढळतात. राज्याराज्यांत फरक पडला तो पोलीस, शाळा आणि नेमणुका कोणाच्या ताब्यात होत्या यामुळे.

आधी यादी आणि नकाशा

१९१८ साली जर्मन साम्राज्यात २५ घटक राज्ये होती, आणि अल्सास-लोरेन हा वेगळ्या दर्जाचा प्रदेश होता. राजे आणि ड्यूक गेले तरी राज्ये राहिली. मात्र ती सगळी शेवटपर्यंत टिकली नाहीत. १ मे १९२० रोजी सात छोटी राज्ये एकत्र येऊन थुरिंगिया झाले. कोबुर्गच्या लोकांनी नोव्हेंबर १९१९ मधील मतदानात या एकत्रीकरणाला नकार दिला आणि जुलै १९२० मध्ये तो प्रदेश बव्हेरियात गेला. पिरमोंट १९२२ मध्ये आणि वाल्डेक १९२९ मध्ये प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्यात विलीन झाले. त्यामुळे राज्य निवडताना ते संपूर्ण कालखंडात अस्तित्वात होते का, हे प्रथम तपासावे. वाल्डेकचा अभ्यास करणाऱ्याला १९२९ नंतर प्रशियाचे दप्तर उघडावे लागेल, आणि थुरिंगियाचा अभ्यास करणाऱ्याला १९२० पूर्वीची सात वेगवेगळी दप्तरे. डान्झिग या यादीत धरू नये. ते राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालचे स्वतंत्र शहर होते, जर्मनीचे घटक राज्य नव्हते.

यानंतर नकाशा. आजच्या जर्मनीचा नकाशा इथे उपयोगाचा नाही. १९२० च्या दशकातला, जिल्ह्यांच्या सीमा दाखवणारा नकाशा मिळवावा. ब्राउनश्वाइगचे क्षेत्रफळ सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर होते, पण ते सलग नव्हते. ब्राउनश्वाइग, वोल्फेनब्युटेल आणि हेल्मश्टेट हा एक भाग; पश्चिमेला वेझर नदीकाठचे होल्त्समिंडेन आणि गांडर्सहाइम हा दुसरा; दक्षिणेला हार्त्स पर्वतातले ब्लांकेनबुर्ग तिसरा; आणि पार ब्रेमेनजवळ थेडिंगहाउझेन हा एक सुटा तुकडा. या सगळ्यांच्या भोवती प्रशियाचे हॅनोव्हर आणि सॅक्सनी हे प्रांत पसरलेले. काही किलोमीटर चालले की राज्य बदले, पोलीस बदलत आणि सभाबंदीचा हुकूमही बदले. हा भूगोल डोक्यात पक्का बसल्याशिवाय १९३१ च्या घटनांचा अर्थ लागत नाही.

नकाशावरच उद्योगधंद्यांच्याही खुणा कराव्यात. ब्राउनश्वाइग शहरात ब्युसिंगचा मालमोटारींचा कारखाना, यंत्रे बनवणारे कारखाने आणि डबाबंद भाज्यांचा मोठा उद्योग होता; हेल्मश्टेटजवळ तपकिरी कोळशाच्या खाणी होत्या; बाकीचा बराच मुलूख शेतीचा होता. शहरातला संघटित कामगार आणि भोवतालचा शेतकरी-व्यापारी मध्यमवर्ग यांच्यातली फाळणी पुढच्या प्रत्येक निवडणुकीत दिसते.

राज्य आणि राजधानी या दोघांचेही नाव ब्राउनश्वाइगच असल्यामुळे टिपणे काढताना ‘शहर’ की ‘राज्य’ हे प्रत्येक वेळी लिहावे. १९३० नंतर राज्याचे गृहखाते नाझींच्या हाती होते, तर शहराचे महापौर एर्न्स्ट ब्योहमे सोशल डेमोक्रॅट होते. हा भेद पुसला गेला की एकाच तारखेच्या दोन परस्परविरोधी बातम्यांचा उलगडाच होत नाही.

राज्याच्या हातात काय होते

ऑगस्ट १९१९ च्या वायमार राज्यघटनेने लष्कर, परराष्ट्र व्यवहार आणि टपाल केंद्राकडे ठेवले. रेल्वेही लवकरच केंद्राकडे गेली. केंद्रीय अर्थमंत्री माटियास एर्त्सबेर्गर यांच्या कर-सुधारणांमुळे प्राप्तिकरही केंद्राकडे गेला. त्यापूर्वी हा कर राज्ये बसवत आणि केंद्राला राज्यांकडे हात पसरावा लागे. आता उलटे झाले आणि लहान राज्ये केंद्राकडून मिळणाऱ्या वाट्यावर अवलंबून राहू लागली. मंदीच्या काळात त्यांची तिजोरी इतक्या लवकर का कोलमडली, याचे एक मोठे कारण हेच आहे.

तरी पोलीस, शाळा व उच्च शिक्षण, नगरपालिकांवरची देखरेख आणि राज्याच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका या गोष्टी राज्यांकडेच राहिल्या. रोजच्या आयुष्यात माणसाला शासन भेटते ते याच चार दारांशी. घटनेच्या १७ व्या कलमाने प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक स्वरूपाची घटना, सार्वत्रिक व गुप्त मतदान आणि विधिमंडळाचा विश्वास असलेले सरकार बंधनकारक केले होते. ४८ व्या कलमाने राज्य आपले कर्तव्य बजावत नसेल तर राष्ट्राध्यक्षांना बळाचा वापर करण्याची मुभा होती. या दोन कलमांच्या मधल्या जागेत राज्याचे राजकारण चाले, म्हणून घटनेचा तेवढा भाग तरी मुळातून वाचावाच.

केंद्राच्या हातात आणखी एक साधन होते, ते म्हणजे पैसा. राज्यांच्या पोलीस दलाचा काही खर्च केंद्र उचलत असे. १९३० मध्ये थुरिंगियाचे गृहखाते नाझी पक्षाच्या विल्हेल्म फ्रिकच्या हाती गेल्यावर केंद्रीय गृहमंत्री कार्ल झेव्हेरिंग यांनी हे अनुदान रोखले. अशा नोंदी अंदाजपत्रकात आणि पत्रव्यवहारात सापडतात, भाषणांत क्वचितच. म्हणून राज्याच्या अंदाजपत्रकाची पाने कंटाळवाणी म्हणून कधीही सोडू नयेत.

सरकारांची तारीखवार वही

पुढचे काम म्हणजे एक तक्ता: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाचे सरकार, कोणते पक्ष, गृहखाते कोणाकडे, शिक्षणखाते कोणाकडे आणि विधिमंडळात बहुमत किती मतांचे. पदनामांवरून तुलना करू नये. लिप्पेमध्ये तीन जणांचे अध्यक्षमंडळ कारभार पाही, हाम्बुर्गमध्ये सिनेट होती, इतरत्र मंत्रिमंडळ; नावे वेगळी असली तरी पोलिसांवर सही कोणाची चाले एवढेच तक्त्यात यायला हवे.

ब्राउनश्वाइगचा तक्ता ८ नोव्हेंबर १९१८ पासून सुरू होतो. त्या दिवशी ड्यूक एर्न्स्ट आउगुस्ट याने राजत्याग केला, म्हणजे त्याचा सासरा असलेल्या कैसर विल्हेल्मच्या पदत्यागाची घोषणा होण्याच्या एक दिवस आधी. दोनच दिवसांनी आउगुस्ट मेर्गेस हा शिंपीकाम केलेला स्वतंत्र समाजवादी नेता ‘समाजवादी प्रजासत्ताका’चा अध्यक्ष झाला, आणि घरकाम करून पोट भरलेली मिना फासहाउअर शिक्षणखात्याची प्रमुख झाली. जर्मनीत मंत्रिपदाच्या तोडीचे पद मिळवणारी ती पहिली स्त्री. ज्या राज्यात काही दिवसांपूर्वीपर्यंत मताधिकार अत्यंत संकुचित होता आणि स्त्रियांना मतच नव्हते, तिथे हा बदल केवढा मोठा होता याची कल्पना यावी म्हणून १९१८ पूर्वीचा मतदानाचा कायदाही वाचावा. त्या कायद्यामुळेच इथला कामगारवर्ग शेजारच्या प्रदेशांपेक्षा अधिक डावीकडे झुकला होता, असे मला वाटते.

एप्रिल १९१९ मध्ये सार्वत्रिक संप झाला, केंद्राने वेढ्याची स्थिती (लष्करी अंमल) जाहीर केली आणि जनरल मेर्कर याच्या स्वयंसेवक तुकड्या शहरात शिरल्या. या महिन्यासाठी वहीत स्वतंत्र पाने राखावीत. मध्यमवर्गाच्या मनात ‘लाल ब्राउनश्वाइग’ची जी भीती बसली आणि डाव्यांच्या दोन गटांत जे वितुष्ट आले, ते पुढची चौदा वर्षे टिकले. १९३० मध्ये बर्गर (मध्यमवर्गीय, उजवीकडे झुकलेल्या) पक्षांनी नाझींचा हात का धरला, याचे उत्तर शोधताना अभ्यासकाला परत याच पानांशी यावे लागते.

त्यानंतरची दहा वर्षे तक्त्यात भराभर पुढे सरकतात. सोशल डेमोक्रॅट हाइनरिष यास्पर हे तीन वेळा सरकारचे प्रमुख झाले: १९१९ ते १९२०, १९२२ ते १९२४ आणि १९२७ ते १९३०. मधल्या काळात एकदा डाव्या गटाचे झेप ओर्टर आणि एकदा उजव्या बाजूचे गेरहार्ड मार्क्वोर्ट यांची सरकारे आली. दर वेळी शाळांमधले धर्मशिक्षण, अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि माजी राजघराण्याची मालमत्ता हेच विषय पुन्हा पेटत. सरकार बदलले की शाळांबाबतचे निर्णय उलटे फिरत, हे तक्त्यात शेजारी शेजारी मांडल्यावर स्पष्ट दिसते.

मतांचे आकडे वाचताना

निवडणुकांच्या आकड्यांत दोन सापळे आहेत आणि दोन्हींची चांगली उदाहरणे उपलब्ध आहेत.

पहिला सापळा जागांचा. १९२७ मध्ये ब्राउनश्वाइगच्या विधिमंडळात सोशल डेमोक्रॅटांना ४८ पैकी २४ जागा मिळाल्या. १४ सप्टेंबर १९३० रोजी ४० पैकी १७. चोवीसवरून सतरा ही घसरण भयंकर वाटते, पण मधल्या काळात विधिमंडळाचाच आकार कमी झाला होता. मतांचा वाटा सुमारे ४६ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर आला, म्हणजे नुकसान खरे पण मर्यादित. खरी उलथापालथ समोरच्या बाजूला झाली होती: नाझी पक्ष एका जागेवरून नऊ जागांवर गेला. बर्गर पक्षांच्या संयुक्त यादीला ११ जागा होत्या. नऊ आणि अकरा मिळून वीस, म्हणजे बरोबर निम्म्या. दुसऱ्या बाजूला १७ सोशल डेमोक्रॅट, २ कम्युनिस्ट आणि १ उदारमतवादी स्टेट पार्टीचा सदस्य, तेही वीसच. अशा विधिमंडळात एकेका सदस्याच्या गैरहजेरीला किती किंमत असते हे ओळखून, प्रत्येक महत्त्वाच्या मतदानाची नोंद इतिवृत्तातून उतरवून घ्यावी. ही निवडणूक राइखस्टागच्या निवडणुकीच्याच दिवशी झाली, हेही लक्षात ठेवावे. देशव्यापी प्रचाराची लाट राज्याच्या मतपेटीत तशीच उतरली.

दुसरा सापळा तुलनेच्या तारखेचा. लिप्पे हे त्याहूनही लहान राज्य, क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस किलोमीटर आणि राजधानी डेटमोल्ड. १५ जानेवारी १९३३ च्या विधिमंडळ निवडणुकीसाठी नाझी पक्षाने आपली सगळी ताकद या चिमुकल्या राज्यात ओतली. हिटलर स्वतः गावोगावी सभा घेत फिरला. पक्षाला ३९,०६४ मते, म्हणजे ३९.५ टक्के, आणि २१ पैकी ९ जागा मिळाल्या आणि वृत्तपत्रांतून विजयाचा डंका पिटला गेला. नोव्हेंबर १९३२ च्या राइखस्टाग निवडणुकीत याच भागात पक्षाला ३३,०३८ मते होती, तेव्हा वाढ सहा हजारांची दिसते. पण त्याआधीच्या, जुलै १९३२ च्या निवडणुकीत ४२,२८० मते होती. म्हणजे एवढा जोर लावूनही पक्ष जुलैच्या मागे तीन हजारांहून अधिक मतांनी राहिला. बहुमत तर मिळालेच नाही. लहान मतदारसंघात संपूर्ण पक्षयंत्रणा उतरवून मिळवलेला आकडा देशाचा कल म्हणून दाखवला गेला, आणि बर्लिनमधल्या वाटाघाटींत त्याचा उपयोग झाला. म्हणून कोणताही आकडा किमान आधीच्या दोन निवडणुकांशेजारी मांडल्याशिवाय त्यावर वाक्य लिहू नये.

एक दस्तऐवज जवळून: नागरिकत्वाचे प्रकरण

लहान राज्याचा इतिहास शिकण्यासाठी एखादे प्रकरण निवडून ते शेवटच्या कागदापर्यंत सोडवणे, यासारखा दुसरा अभ्यास नाही. ब्राउनश्वाइगच्या बाबतीत ते प्रकरण नागरिकत्वाचे.

प्रथम कायदा समजून घ्यावा. १९१३ च्या नागरिकत्व कायद्यानुसार माणूस सर्वसाधारणपणे आधी एखाद्या घटक राज्याचा नागरिक असे आणि त्या नात्याने जर्मन नागरिक ठरे. वायमार घटनेने ही रचना कायम ठेवली. परक्याला नागरिकत्व देण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे रीतसर अर्ज, ज्यात इतर राज्यांना हरकत घेता येई. दुसरा मार्ग म्हणजे राज्याच्या सेवेत अधिकारी म्हणून नेमणूक. नेमणुकीबरोबर नागरिकत्व आपोआप मिळे. पहिल्या मार्गाने प्रशिया आडवी आली असती, यात शंका नाही. दुसरा मार्ग मात्र एकट्या राज्य सरकारच्या हातात होता. संपूर्ण प्रकरणाची किल्ली या एका तरतुदीत आहे, आणि ती गृहखात्याच्या सामान्य कामकाजाचा भाग होती.

हिटलरने एप्रिल १९२५ मध्ये ऑस्ट्रियाचे नागरिकत्व सोडले होते. तेव्हापासून तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता आणि म्हणून जर्मनीत कोणत्याही पदासाठी निवडणूक लढवू शकत नव्हता. १९३० मध्ये थुरिंगियात फ्रिकने त्याला हिल्डबुर्गहाउझेन इथे पोलीस अधिकारी नेमण्याची खटपट केली होती. ती फसली आणि १९३२ च्या सुरुवातीला उघडकीस येऊन पक्षाची शोभा झाली. मग नजर ब्राउनश्वाइगकडे वळली.

इथे तक्ता उघडावा. १ ऑक्टोबर १९३० पासून राज्याचे मंत्रिमंडळ अवघे दोन माणसांचे होते: जर्मन राष्ट्रीय लोकपक्षाचे वेर्नर क्युखेनथाल प्रमुख, आणि गृह व शिक्षण ही दोन्ही खाती नाझी पक्षाच्या अँटोन फ्रान्झेनकडे. फ्रान्झेन १९३१ च्या उन्हाळ्यात गेला आणि सप्टेंबरमध्ये त्या जागी डीट्रिष क्लागेस हा पूर्वीचा शाळामास्तर आला. नऊ आमदारांच्या पक्षाने इतर सगळी खाती सोडून हीच दोन का मागितली, याचा विचार प्रत्येक अभ्यासकाने थांबून करावा. समाजवादी विचारांचे शिक्षक व अधिकारी बाजूला सारणे, ‘फोल्क्सफ्रॉयंट’ या सोशल डेमोक्रॅटिक दैनिकावर बंदीचे हुकूम काढणे, सभांना परवानगी देणे किंवा नाकारणे, हे सगळे या दोन टेबलांवरून होत होते.

ऑक्टोबर १९३१ चे दोन प्रसंग याच टेबलांवरून समजतात. ११ ऑक्टोबरला उजव्या पक्षांचा आणि संघटनांचा संयुक्त मेळावा बाड हार्त्सबुर्ग इथे झाला. हे गाव ब्राउनश्वाइग राज्यात होते. प्रशियात, जिथे ओटो ब्राउन यांचे सोशल डेमोक्रॅटिक नेतृत्वाखालील सरकार होते, असा मेळावा सुखासुखी भरला नसता. आठवड्याभरात, १७ आणि १८ ऑक्टोबरला, राजधानीत तपकिरी गणवेशातल्या सुमारे एक लाख नाझी स्वयंसेवकांचे संचलन झाले, कामगारवस्त्यांत चकमकी झाल्या आणि माणसे मेली. नाझींच्या ताब्यातल्या पोलीस खात्याने मोठ्या जमावाला मोकळे रान कसे मिळवून दिले, ते जर्मनीने इथे पाहिले. पुढे १९३३ मध्ये जे देशभर झाले त्याची पद्धत आधी एका लहान राज्यात वापरून पाहिली गेली होती, या निष्कर्षाकडे मला हे कागद नेतात.

आता फेब्रुवारी १९३२. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक १३ मार्चला ठरली होती. हिटलरला ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक महाविद्यालयात प्राध्यापक नेमण्याचा बेत महाविद्यालयाच्या विरोधामुळे बारगळला. २२ फेब्रुवारीला नाझी पक्षाचा प्रचारप्रमुख गोबेल्सने बर्लिनच्या सभेत उमेदवारी जाहीर केली, तेव्हा उमेदवार नागरिक नव्हता! २५ फेब्रुवारीला ब्राउनश्वाइग सरकारने त्याला राज्याच्या भूविकास व मोजणी कार्यालयात सरकारी सल्लागाराच्या दर्जाचे पद दिले आणि राज्याच्या बर्लिनमधील वकिलातीत त्याची रवानगी दाखवली. दुसऱ्या दिवशी त्याने वकिलातीत शपथ घेतली. प्रचारासाठी त्याला लगोलग रजाही मिळाली. निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत, १० एप्रिलला, हिंडेनबुर्ग यांना ५३ टक्के आणि हिटलरला ३६.८ टक्के मते पडली.

या प्रकरणाची फाईल वाचताना प्रत्येक कागदापाशी चार गोष्टी टिपाव्यात: तारीख, सही, कोणत्या कायद्याचा आधार दिला आहे आणि कोणाची संमती घेतली आहे. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. क्लागेस हे एकट्याने करू शकत नव्हता. आघाडीतल्या राष्ट्रवादी जोडीदाराने मान डोलावली म्हणून ते झाले. जबाबदारी कोणाकोणाची होती हे ठरवताना ही संमती विसरता कामा नये.

कागद कुठे आणि कसे वाचावेत

राज्य नाहीसे झाले तरी त्याचे दप्तर सहसा जुन्या मुलखातच राहते. ब्राउनश्वाइगच्या मंत्रालयांचे कागद लोअर सॅक्सनीच्या राज्य पुराभिलेखागाराच्या वोल्फेनब्युटेल शाखेत आहेत, लिप्पेचे डेटमोल्डमध्ये. सूचीतील बराच भाग घरबसल्या चाळता येतो. सुरुवात मात्र छापील साधनांनीच करावी: आधी राज्याचे राजपत्र, मग विधिमंडळाची इतिवृत्ते, मग केंद्रीय सांख्यिकी खात्याचे निवडणूक-खंड आणि त्यानंतर फाइली. हा क्रम पाळला की फाईलमधल्या कोणत्याही टिपणाला संदर्भ आधीच तयार असतो आणि कागदांच्या ढिगात हरवल्यासारखे होत नाही.

त्या काळचे बरेच छापील साहित्य फ्राक्टुर वळणात आहे आणि हस्तलिखित टिपणे कुरेंट किंवा झ्युटरलिन लिपीत. फ्राक्टुरची सवय नेटाने वाचत राहिल्यास फार लवकर होते. हस्तलिखिताला अधिक वेळ द्यावा लागतो. संगणकाने ओळखलेल्या मजकुरात शोध घेताना सावध राहावे, कारण फ्राक्टुरमधला लांब ‘एस’ यंत्र अनेकदा ‘एफ’ समजते आणि हवे ते नाव शोधात येतच नाही. माणसांची नावे दोन्ही प्रकारे शोधून पाहावीत.

वृत्तपत्रे वाचायची ती जोडीने. एकाच दिवसाचा सोशल डेमोक्रॅटिक अंक आणि बर्गर पक्षांकडे झुकलेला अंक शेजारी ठेवले की कोणती गोष्ट दोघांनाही नाकारता आली नाही ते कळते, आणि ती गोष्ट बहुधा भरवशाची असते. बंदी असलेल्या दिवशी अंकच नसतो. ती गैरहजेरीही पुरावा म्हणून नोंदवावी. ९ मार्च १९३३ रोजी ‘फोल्क्सफ्रॉयंट’च्या इमारतीवर एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाने हल्ला केला, त्यानंतर एका बाजूचा आवाज कायमचा बंद झाला. पुढच्या काळासाठी उरलेल्या वृत्तपत्रांवर विसंबणे धोक्याचे आहे. तिथून पुढे न्यायालयीन कागद आणि युद्धोत्तर खटल्यांतल्या साक्षी अधिक सांगतात.

शेजारच्या राज्यांशी ताडून पाहणे

आपले राज्य अपवाद होते की नमुना, हे एकट्या त्या राज्यातून कळत नाही. यासाठी तीनचार शेजारी पुरेसे आहेत. थुरिंगियात फ्रिक जानेवारी १९३० मध्ये मंत्री झाला, तो कोणत्याही जर्मन राज्यातला पहिला नाझी मंत्री. येना विद्यापीठात वंशवादी लेखक हान्स ग्युंटर याला अध्यासन मिळवून देणे हे त्याचे गाजलेले काम, आणि १ एप्रिल १९३१ रोजी विधिमंडळाने अविश्वास ठराव करून त्याला घालवले. म्हणजे विधिमंडळाने मनावर घेतले तर हे होऊ शकत होते, ही बाब ब्राउनश्वाइगबद्दल लिहिताना समोर असावी. १९३२ मध्ये आनहाल्टमध्ये मे महिन्यात आणि ओल्डेनबुर्गमध्ये जूनमध्ये नाझी नेतृत्वाची सरकारे आली. ओल्डेनबुर्गमध्ये तर पक्षाला ४६ पैकी २४ जागा, म्हणजे स्वतःचे बहुमत मिळाले. उलट लिप्पेमध्ये सोशल डेमोक्रॅट हाइनरिष ड्राके १९३३ च्या सुरुवातीपर्यंत कारभार सांभाळून होते. लहान राज्ये सगळी एका वाटेने गेली नाहीत, आणि फरकाची कारणे धर्म, शेती, मंदीचा फटका आणि आघाडीला तयार असलेले बर्गर पक्ष यांत शोधावी लागतात.

प्रशियाकडे मात्र सतत पाहत राहावे. देशाचा सुमारे तीन पंचमांश भाग आणि लोकसंख्या तिथे होती. २० जुलै १९३२ रोजी चान्सलर पापेनने ४८ व्या कलमाच्या आधारे प्रशियाचे सरकार हटवल्यावर लहान राज्यांभोवतीचे कुंपणच मोडले.

कुठे थांबावे

अनेक जण ३० जानेवारी १९३३ ला वही मिटतात. ब्राउनश्वाइगसाठी ही तारीख सोयीची नाही, कारण तिथे गृहखाते आधीपासूनच नाझींकडे होते आणि दडपशाहीला फक्त वेग आला. मार्च १९३३ मध्ये यास्पर आणि ब्योहमे यांना अटक झाली. शहरातल्या आरोग्य विमा संस्थेच्या इमारतीचा तुरुंग करून तिथे कैद्यांना मारहाण करण्यात आली. २७ मार्चला क्लागेसच्या पोलिसांनी ‘श्टालहेल्म’ या माजी सैनिकांच्या मित्रसंघटनेच्याच नोंदणीच्या ठिकाणी जमलेल्यांना पकडले, कारण तिथे प्रजासत्ताकवादी कामगार मोठ्या संख्येने आसरा घेत होते. दोन वर्षे सोबत चाललेल्या राष्ट्रवादी जोडीदाराचे काय झाले, ते या दिवसाच्या कागदांत दिसते. ४ जुलैला रीझेबेर्ग इथे कामगार कार्यकर्त्यांची एसएसने सामूहिक हत्या केली.

संस्थात्मक शेवट टप्प्याटप्प्याने होतो. ३१ मार्च १९३३ च्या कायद्याने विधिमंडळे राइखस्टागच्या निकालाप्रमाणे पुन्हा रचली आणि कम्युनिस्टांच्या जागा वगळल्या. ७ एप्रिलच्या कायद्याने केंद्राचे राज्यपाल आले, आणि ब्राउनश्वाइग व आनहाल्ट या दोन्हींवर मिळून एकच, विल्हेल्म लोएपर, नेमला गेला. ३० जानेवारी १९३४ च्या कायद्याने विधिमंडळेच रद्द झाली. विधिमंडळाचा तक्ता इथे संपवावा, पण कारभाराचा तक्ता चालू ठेवावा, कारण क्लागेस १९४५ पर्यंत राज्याचा प्रमुख राहिला आणि मंत्रालयाच्या फाइली तशाच तयार होत राहिल्या. युद्धानंतर राज्य थोडा काळ पुन्हा उभे राहिले आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये लोअर सॅक्सनीत विलीन झाले. लिप्पे जानेवारी १९४७ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात गेले.

शेवटचा तक्ता माणसांचा करावा आणि त्यात मंत्र्यांबरोबर पोलीसप्रमुख, शाळा-निरीक्षक, जिल्हाधिकारी यांचीही नावे घालून प्रत्येकाचे १९३० चे, १९३३ चे आणि १९५० चे ठिकाण लिहावे. यास्पर १९४५ च्या फेब्रुवारीत बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत मरण पावले. क्लागेसला १९५० मध्ये जन्मठेप झाली, शिक्षा पुढे कमी झाली आणि १९५७ मध्ये तो सुटला. त्याच्या खटल्याची कागदपत्रे १९३१ ते १९३३ च्या कारभारासाठी उपयुक्त आहेत, मात्र आरोपीचे जबाब आणि पीडितांच्या साक्षी वेगवेगळ्या रकान्यांत उतरवून, प्रत्येक विधान त्या त्या तारखेच्या मूळ हुकमाशी ताडूनच वापरावीत.